एटीव्हीला वाळूचे पॅडल टायर, तेही परवडतील असे: बेळगाव-खानापूर-निपाणीकडून सारखे येणारे प्रश्न

माझ्याकडे एक जुनी 250 सीसीची क्वाड, म्हणजे चार जाड चाकांची, बाईकसारखं हँडल असलेली एटीव्ही आहे, खानापूर रोडच्या शेतात पडून असते, आणि एकदा पिकअपमध्ये घालून ती जैसलमेरला नेऊन आणली तेव्हापासून लोकांना वाटायलंय की मी टायरचा डीलर आहे. नाही ओ. पण निपाणीपासून कारवारपर्यंत कोणाकोणाचे फोन येतात, प्रश्न तेच, उत्तरं पण तीच, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. क्रम वगैरे काही लावलेला नाही, जसं आठवलं तसं.

पॅडल टायर म्हणजे नेमकं काय ओ?

खानापूरकडं भाताच्या चिखलणीला ट्रॅक्टरला लोखंडी केज व्हील लावतात की नाही, तेच डोक्यात आणा. साधा टायर चिखलात नुसता फिरतो, पण त्या लोखंडी पट्ट्या चिखलाला धरून मागं ढकलतात आणि ट्रॅक्टर पुढं जातो. पॅडल टायर म्हणजे तेच काम रबरात केलेलं. टायरचं अंग गुळगुळीत, आणि त्यावर रबराच्या आडव्या, उभारलेल्या पट्ट्या (यांनाच पॅडल म्हणायचं), होडीच्या वल्ह्यासारख्या, थोड्या वाटीसारख्या आत वळलेल्या. कोरड्या वाळूला पकड अशी नसतेच, कण एकमेकांना धरत नाहीत, त्यामुळं गोट्यांचा, म्हणजे रबराचे उंचवटे असलेला, साधा टायर जोरात फिरवला की तो खाली खड्डा पाडतो आणि गाडी पोटावर बसते. पॅडल खड्डा पाडायच्या आधीच वाळू उचलून मागं फेकतं, त्या फेकण्याच्या जोरावर गाडी पुढं. हे टायर वाढले ते अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या वाळूत, ग्लॅमिसचे मोठे धोरे म्हणजे वाळूच्या टेकड्या, पिस्मोचा किनारा असल्या ठिकाणी, आणि आता दुबई-शारजाकडं ज्यांचे भाऊ-मेहुणे कामाला आहेत त्यांनी तिकडं बिग रेडच्या धोऱ्यावर भाड्याच्या क्वाडना हेच टायर बघितले असतील.

मला ते खरंच लागतात काय?

दहातल्या आठ जणांना मी नाही म्हणून सांगतो, आणि फोन तिथंच संपतो. राग येतो लोकांना. पण बघा, तुम्ही गाडी चालवणार कुठं ते आधी सांगा. अथणी-चिकोडीकडची काळी माती असली तर पॅडल विसरा, पहिल्या पावसात ती माती पट्ट्यांच्या मधे अशी बसते की चाक म्हणजे नुसता मातीचा लाडू होतो. खानापूर-जांबोटीकडची तांबडी, जांभ्या दगडाची जमीन असली तर ती पॅडल चावून खाते, कडा फाटतात. समुद्राची ओली वाळू असते ती दबलेली असते, तिथं साधा टायर हवा कमी करून मस्त चालतो. पॅडल खरा कामाला येतो तो फक्त सुकी, मऊ, खोल वाळू असते तिथं, म्हणजे राजस्थानचे धोरे, नाहीतर कोणाच्या खाजगी जागेत खास वाळू टाकून केलेला ट्रॅक. आपल्या बेळगाव जिल्ह्यात तसला धोरा नाही. त्यामुळं वर्षातून एकदा चार दिवस जैसलमेरला जाणार असाल तर घ्या, नुसतं शेतात पोरांना फिरवायला असेल तर त्या पैशात चांगले साधे टायर आणि एक हवेचा छोटा गेज घ्या, पैसे उरतील.

एकजण म्हणाला आमच्या एम-सँडच्या क्रशरवर ढीग आहेत, तिथं चालवतो. चालतंय की, मी पण पहिला प्रयोग तिथंच केला होता. पण ती दगड फोडून केलेली वाळू, कणांना धारा असतात, नदीच्या गोल वाळूसारखी नाही. रबर लवकर झिजतं. टेस्टला ठीक, रोजचा खेळ नको, आणि लोडर चालू असताना तर अजिबात नको.

गोव्याला बीचवर नेऊ काय? कारवार? वेंगुर्ला?

नेऊ नका. गोव्यात बीचवर गाडी घालायला बंदी आहे, पर्यटकांच्या गाड्या जप्त होतात, गुन्हे दाखल होतात, दर सीझनला बातमी येते आणि त्यात एखादी केए 22, म्हणजे बेळगाव पासिंगची गाडी असली की आपलीच मान खाली. चोर्ला घाट उतरलो म्हणजे सगळं माफ असं नसतं. दुसरं म्हणजे कासवं. ऑलिव्ह रिडले कासवं साधारण नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल किनाऱ्यावर अंडी घालतात, गोव्यात मोरजी, आगोंद, गालजीबाग, वेंगुर्ल्याकडं वायंगणी, आणि कारवार बाजूला उत्तर कन्नडाच्या किनाऱ्यावर पण. अंडी वाळूखाली असतात, वरनं कळत नाही, आणि पॅडल टायर तर वाळू उकरायसाठीच केलेला. नदीच्या पात्राचं पण तसंच, कृष्णा असो की दूधगंगा, पात्र सरकारी असतं आणि वाळूवरनं आधीच एवढी भानगड चाललीय की तिथं गाडी घेऊन फिरताना दिसला तर तुम्ही क्वाड चालवायला आलात हे कोणी ऐकून घेणार नाही.

रस्त्यानं पण चालवत नेऊ नका. रजिस्ट्रेशन नसलेली एटीव्ही रस्त्यावर चालत नाही, पिकअप नाहीतर ट्रेलर.

टायरवर 20×11-9 लिहिलंय, ते कसं वाचायचं?

पहिला आकडा टायरची उंची, दुसरा रुंदी, शेवटचा रिमचा व्यास, सगळं इंचात. म्हणजे हा टायर 20 इंच उंच, 11 इंच रुंद, 9 इंची रिमवर बसणारा. स्पोर्ट क्वाडच्या मागच्या चाकाला हाच साईज जास्त दिसतो. यामाहा रॅप्टर 700 ला कंपनीचा मागचा 20×10-9 आणि पुढचा 21×7-10 असतो, म्हणजे पॅडल घेताना रुंदी इंचभर वाढते. पोलारिस स्पोर्ट्समन 570 सारख्या शेतीच्या एटीव्हीला मात्र पुढं 25×8-12 आणि मागं 25×10-12, तिथं 20 वाला घेऊन काही उपयोग नाही, गाडी पोटावर येईल आणि रिम पण जुळणार नाही. फोन करायच्या आधी आपल्या टायरच्या बाजूला काय लिहिलंय त्याचा फोटो काढून ठेवा. "मोठी चाकं आहेत" असं सांगून टायर मिळत नाही.

किती पॅडलचा घ्यायचा? जास्त पॅडल म्हणजे जास्त पकड ना?

इथंच मी पैसे घालवले. मला पण वाटलं होतं दहा पॅडल आठपेक्षा भारी. मस्कतहून एक ओळखीचा येणार होता, त्यानं जुनी जोडी मिळते म्हणून सांगितलं, दहा पॅडल, उंच, जाड, दिसायला असे की बघतच राहावं, आणि स्वस्त. स्वस्त का ते मी विचारलं नाही. जैसलमेरला पहिल्या धोऱ्यावर पहिल्या गिअरला गाडी अशी सुटली की मी ओरडलोच, दुसरा टाकला आणि अर्ध्या चढावर इंजिन "ह्हूं" करून बसलं. वाळू एवढी उचलत होतं की 250 च्या इंजिनात तेवढा दमच नव्हता. परत पहिला, परत क्लच ओढ, परत दुसरा. चौथ्या वेळेला जळक्या क्लचचा वास. तिथल्या कँपच्या जीपवाल्यानं दोरी लावून खाली ओढली, वर शंभर रुपये पण घेतले नाहीत, नुसता हसला आणि म्हणाला इंजिन छोटा है साब, चप्पल बडा है. मला आजपर्यंत पॅडल टायरबद्दल याच्यापेक्षा नीट कोणी सांगितलेलं नाही.

पॅडल म्हणजे इंजिनवरचं ओझं. प्रत्येक पट्टी थोडी वाळू उचलते, पट्ट्या वाढल्या आणि उंची वाढली की ओझं वाढतं. साधारण हिशोब असा धरा की 250 च्या आसपास सहा ते आठ पॅडल, 400-450 ला आठ, 700 ला आठ ते दहा, आणि बारा-चौदा-सोळा वगैरे ते टर्बो बसवलेल्या हजार सीसीच्या साईड बाय साईड (शेजारी-शेजारी सीट असलेल्या) गाड्यांसाठी, आपण त्या रांगेत नाही. गाडी चालवणारा शंभर किलोचा असेल तर एक पायरी कमीच घ्या. शंका आली तर कमी पॅडल, कारण कमी पॅडलनं गाडी थोडी कमी पळते एवढंच, जास्त पॅडलनं क्लच जातो.

पट्टी सरळ चांगली की व्ही आकाराची?

सरळ आडवी पट्टी चढाला जास्त ओढते, पण सपाटीवर धडधड करते आणि वळताना मागचं चाक बाजूला पटकन सरकतं. व्ही किंवा तिरकी थोडी मऊ चालते. उंची पाऊण इंचापासून एक इंचापुढं पण असते, छोट्या इंजिनला पाऊण इंच पुष्कळ. उंच पट्टी कापून कमी करता येते, बाहेर देशात लोक करतात, धारदार चाकू आणि साबणाचं पाणी घेऊन, पण सगळ्या पट्ट्या एकसारख्या कापल्या नाहीत तर चाक लंगडतं. मी दोन पट्ट्या कापून बघितल्या आणि सोडून दिलं.

पुढच्या चाकांना पण पॅडल लागतात काय?

टू व्हील ड्राईव्ह असेल तर नाही, आणि पैसे वाचवायची पहिली जागा हीच. पुढच्या चाकाचं काम ओढायचं नाही, वाळूवर तरंगायचं आणि दिशा द्यायची. त्यासाठी खास टायर येतो, गुळगुळीत आणि मधोमध एक-दोन उभ्या कडा, त्या कडा वाळू कापून गाडी वळवतात. पण पहिल्या ट्रिपला तो पण घेऊ नका. कंपनीचेच पुढचे टायर, गोट्या झिजलेले असले तर उलट बरं, हवा कमी करून वापरा. वळायला थोडी जड लागते, सवय होते. मी अजून जुनेच वापरतोय.

माझी फोर बाय फोर आहे, मागं दोनच पॅडल टाकले तर?

टाका, पण मग टू व्हीलमध्येच चालवा. फोर बाय फोरमध्ये पुढची-मागची चाकं कंपनीनं ठरवलेल्या प्रमाणात फिरायला हवीत, मागचा टायर वेगळ्या उंचीचा झाला की पुढचं आणि मागचं एकमेकांशी भांडायला लागतं आणि ते भांडण गिअर नाहीतर शाफ्टवर निघतं. चारही पॅडल घ्यायचे तर दुप्पट खर्च. शेतीच्या 570 सारख्या गाडीला मी तर सांगतो पॅडलच्या नादाला लागू नका, चारही चाकांना ड्राईव्ह आहे, हवा कमी करा, लो रेंज (कमी वेगाचा, जास्त जोराचा गिअर) टाका, निघते.

परवडतील असे मिळतात कुठं?

बेळगावात टायरच्या दुकानात विचारलं तर आधी हसतात, मग म्हणतात मागवून देतो, आणि मग तीन महिने काही होत नाही. बीकेटी ही आपली भारतीय कंपनी एटीव्हीचे टायर बनवते, पण रोजच्या वापराला गोट्यांचा टायर हवा असेल तेव्हा ते बघा. पॅडलमध्ये नावं बाहेरची, आयटीपीचा सँड स्टार, स्कॅट-ट्रॅकचा हॉलर, सँड टायर्स अनलिमिटेड अशी. अमेरिकेत मागच्या एका नव्या टायरला साधारण शंभर ते दोनशे डॉलर पडतात. ते ऐकून लोक लगेच गुणाकार करतात आणि म्हणतात परवडतंय की. थांबा, खरा खर्च कुरियरचा.

कुरियरवाले वजन आणि जागा यातलं जे जास्त भरेल त्यावर पैसे घेतात, आणि टायरला जागाच जास्त भरते. सेंटीमीटरमध्ये लांबी, रुंदी, उंची गुणायची आणि साधारण 5000 नं भागायचं. 20×11 चा टायर म्हणजे 51, 51 आणि 28 सेंटीमीटर. गुणले तर 72,828, भागले तर साडेचौदा किलो. टायर हातात घेतला तर त्याच्या जवळपास निम्माच भरेल, पण बिल साडेचौदा किलोचं, दोन टायरचं 29 किलोचं. त्यावर कस्टम ड्युटी, त्यावर जीएसटी. टायरवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरनं 18 टक्क्यांवर आला ही त्यातल्या त्यात बरी बातमी. सगळं धरून बेरीज करा आणि मगच ऑर्डर टाका, बऱ्याच वेळा टायरपेक्षा टायरचा प्रवास महाग निघतो.

म्हणून आपल्याकडं स्वस्तातला खरा रस्ता म्हणजे गल्फ. बेळगाव, निपाणी, खानापूरमधनं दर चार घरातला एकजण दुबई-मस्कत-दोहाला आहे असं वाटावं एवढी माणसं तिकडं आहेत. तिकडं हिवाळा संपला की भाड्याच्या क्वाडवाले आणि हौशी लोक अर्धवट झिजलेले पॅडल काढून टाकतात, उन्हाळ्यात धोऱ्यावर कोण जाणार. एप्रिल-मेमध्ये विचारायला सांगा, डिसेंबरमध्ये नको. हवा काढलेला 20×11 टायर तिन्ही बाजू मिळून 130 सेंटीमीटर होतो आणि विमानाच्या चेक-इन बॅगेला साधारण 158 ची मर्यादा असते, म्हणजे मापात बसतो, फक्त येणाऱ्यानं तिकीट काढताना एअरलाईनला आधी विचारून घ्यावं आणि कस्टमला बिल दाखवायची तयारी ठेवावी. आणि भावाला सांगताना "दोन टायर आण" एवढंच सांगू नका, साईज, पॅडलची संख्या, फोटो, सगळं लिहून पाठवा. नाहीतर माझ्यासारखं होईल. त्याच्यासाठी कुंद्याचा डबा पाठवायला विसरू नका, दोन टायर वागवून आणणं म्हणजे मोठे उपकार आहेत.

जुना टायर बघताना काय काय बघायचं?

आधी टायर वाकवा. बाजूच्या भिंतीला आणि पॅडलच्या मुळाशी, म्हणजे पट्टी टायरला जिथं चिकटलेली असते तिथं, दोन बोटांनी फाकवून बघा. बारीक भेगा दिसल्या की सोडून द्या, उन्हानं रबर मेलंय, पट्टी पहिल्याच दिवशी निघणार. पट्टीची वरची कडा थोडी गोल झाली असली तर चालतंय, त्यासाठीच तर भाव कमी आहे, पण तुकडा निघालेला असेल तर तो टायर धडधडणार. बाजूला डीओटी लिहून पुढं आकडे असले तर शेवटचे चार बघा, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. 3219 म्हणजे 2019 सालचा 32 वा आठवडा. आतनं हात फिरवा, किती पॅच आहेत ते कळेल. बीडची तार, म्हणजे रिमला धरणारी कडा, कुठं वाकलेली नको.

प्लायचं, म्हणजे टायरच्या आतल्या थरांचं पण विचारतात लोक. वाळूसाठी दोन प्लायचा हलका टायर चांगला, वाळूत काटे-दगड नसतात. आपल्याकडच्या लोकांना सवयीनं सहा प्लाय हवा असतो, भक्कम म्हणून. वाळूत भक्कम म्हणजे नुसतं वजन.

जुन्या टायरवर कन्व्हेयर बेल्टचे तुकडे बोल्टनं लावून घरीच केला तर?

हा प्रश्न मला साखर कारखान्याच्या भागातनंच येतो, कारण तिथं टाकलेला बेल्ट ढिगानं पडलेला असतो. आयडिया खोटी नाही, अमेरिकेत सुरवातीच्या काळात डून बगी (वाळूत चालवायच्या उघड्या गाड्या) वाले असंच काहीतरी करायचे. गुळगुळीत झालेला टायर घ्यायचा, बेल्टचे तुकडे एल आकाराच्या पट्टीला लावून आरपार बोल्ट मारायचे. अडचण अशी की बोल्टच्या भोकातनं हवा जाते म्हणून आत ट्यूब टाकावी लागते, आणि बोल्टचं डोकं ट्यूबला घासू नये म्हणून मधे जाड रबर. वजन वाढतं, बॅलन्स जातो, आणि जोरात फिरताना एखादी पट्टी सुटली तर ती मागच्या माणसाच्या तोंडावर. एम-सँडच्या ढिगावर सावकाश गंमत म्हणून करून बघा, धोऱ्यावर वेगात नेऊ नका. एका मित्रानं केलेला मी बघितलाय, अर्धा तास चालला, नंतर पट्टी शोधण्यात संध्याकाळ गेली.

वेगळे रिम घेऊ की प्रत्येक वेळी टायर बदलू?

जमलं तर वेगळे रिम. एटीव्हीचा टायर रिमवरनं काढणं म्हणजे कुस्ती आहे, आणि दर वेळी बीडला मार बसतो. रिम घेताना बोल्टच्या गोलाचं माप बघायचं, आणि ते कंपनीप्रमाणे बदलतं. होंडाच्या स्पोर्ट क्वाडला मागं चार बोल्ट 110 मिलिमीटरवर, रॅप्टर 700 ला मागं चार बोल्ट 115 वर, पोलारिस स्पोर्ट्समनला चार बोल्ट 156 वर. पाच मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही, बोल्टला कळतो. उद्यमबागला लेथवाले आहेत, माप नेलं तर ॲडॅप्टर करून देतील, तिथं तर क्रँकशाफ्ट बनतात, आपलं काम त्यांना पोरखेळ. पण बोल्ट चांगल्या ग्रेडचे घाला, पाच-पन्नास वाचवायला जाऊ नका.

बसवताना काय काळजी घ्यायची?

दोनच गोष्टी. पहिली दिशा. मी ऑटोनगरजवळ पंक्चरवाल्याकडं नेलं तर तो टायर हातात घेऊन पाच मिनिटं फिरवूनच बघत बसला, "हे काय ओ अण्णा, रहाटाचं चाक काय?" म्हणाला. आम्ही दोघांनी डोकं लावून ठरवलं, बसवला, आणि उलटा बसवला. पट्टीची वाटीची बाजू वाळूला धरायची सोडून पाठ करून बसलेली. चाक नुसतं वाळूवरनं घसरायचं, मागं जाताना मात्र काय ओढायची. बाजूला बाण असेल तर बाण बघा, नसेल तर गाडीच्या मागं उभं राहून बघा, तुमच्या समोरच्या पट्ट्यांची वाटी आकाशाकडं तोंड करून हवी, पाऊस आला तर पाणी साठेल अशी.

दुसरी हवा. रिमवर बीड बसवताना "टप्प" आवाज यावा लागतो, आणि आपला पंक्चरवाला ट्रकच्या टायरच्या सवयीनं कॉम्प्रेसरचा पाईप लावून देतो सोडून. एटीव्हीच्या टायरला बीड बसवायची जास्तीत जास्त हवा बाजूवर लिहिलेली असते, ती ट्रकच्या मानानं फारच कमी. साबणाचं पाणी भरपूर लावा, लिहिलंय तेवढीच हवा, नाही बसला तर हवा सोडून परत साबण. पेट्रोल शिंपडून काडी लावायचा जो प्रकार मोबाईलवर दाखवतात तो करू नका, करणाऱ्याच्या दुकानात उभं पण राहू नका.

हवा किती ठेवायची?

वाळूत साधारण 4 ते 8 पीएसआय, गाडी आणि माणसाच्या वजनावर. 5-6 वर सुरू करा आणि बघा. हवा कमी झाली की टायर पसरतो, जमिनीला लागणारी जागा लांब होते, गाडी रुतत नाही. फारच कमी केली तर तिरक्या उतारावर वळताना टायर रिमवरनं निघतो. पेट्रोल पंपावरचा गेज इथं कामाचा नाही, त्यात 5 आणि 9 सारखेच दिसतात. 0 ते 15 किंवा 20 पीएसआयचा छोटा गेज घ्या, आणि सकाळी थंड टायरवर मोजा, राजस्थानात दुपारी हवा आपोआप वाढलेली असते.

डांबरी रस्त्यावर थोडंसं चालवलं तर काय होतंय?

पट्ट्या फाटतात. शेतातनं गेटपर्यंत पण नाही. ट्रेलरवरनं उतरवताना सुद्धा फळी टाका.

इंजिनला काही त्रास?

टायर बदलला की सगळ्यांचं लक्ष टायरवर, आणि वाळू तिकडं एअर फिल्टरमधनं आत. फोमचा फिल्टर असेल तर धुवून तेल लावून न्या, वर कापडाचं कव्हर घाला, आणि रोज संध्याकाळी उघडून बघा. माझ्या फिल्टरच्या डब्यात पहिल्या दिवशी चमचाभर वाळू होती. बेल्ट ड्राईव्हच्या गाडीत जड चाकानं बेल्ट तापतो, चढाला लो रेंज ठेवा, मधे गाडीला श्वास घेऊ द्या. चेनच्या गाडीला ओलं तेल चोपडू नका, वाळू चिकटून घासणीसारखं होतं. मागचा टायर उंच घेतला तर गिअर लांब झाल्यासारखं होतं, मग मागचा स्प्रॉकेट एक-दोन दाताचा मोठा घालतात.

जैसलमेरला कुठं चालवायची?

सम आणि खुडीच्या बाजूला धोरे आहेत, पण शेजारीच डेझर्ट नॅशनल पार्क आहे, माळढोकाचा भाग, तिथं घुसायचं नाही. तिथल्या कँपवाल्याला विचारूनच, तो सांगेल त्याच धोऱ्यावर. आपल्याकडनं दीड हजार किलोमीटरच्या वर आहे, पिकअपचं डिझेल धरा. हेल्मेट, गॉगल, आणि गाडीला उंच काठीवर झेंडा. ग्लॅमिसला आठ फुटाचा झेंडा सक्तीचा आहे आणि त्याला कारण आहे, धोऱ्याच्या पलीकडनं कोण येतंय ते माथ्यावर पोचेपर्यंत दिसत नाही.

पोरासाठी 125 सीसीची चायना क्वाड आहे, तिला?

तिला नको. त्या गाड्यांना पुढं 19×7-8 आणि मागं 18×9.5-8 असे टायर असतात, 8 इंची रिमला पॅडल शोधण्यात वर्ष जाईल, आणि मिळाला तरी इंजिन ओढणार नाही. हवा कमी करा, पोराला हेल्मेट घ्या, तेवढ्यात पोर खूश.

ट्रिप झाल्यावर कसे ठेवायचे?

धुवून, सुकवून, सावलीत, आडवे. आपल्या पावसाळ्यात गोठ्यात ठेवले तर उंदीर बघून ठेवा.

तुमचे ते दहा पॅडलवाले विकणार काय?

हा प्रश्न आता सगळ्यात जास्त येतो. मी सध्या आठ पॅडलची जुनी जोडी वापरतोय ती विकायची नाही. दहावाले शेतातल्या खोलीत आहेत, रबर अजून चांगलं आहे, 450 च्या वरची गाडी असेल तर बोलू. फक्त एकात आमच्या आजीची कोंबडी बसते, आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत त्याला हात लावायचा नाही असा हुकूम आहे.